दोन्ही लॅपटॉप चकाचक

"दादा, तू झोपतोस कधी?"

हा प्रश्न मी माझ्या भावाला कितीदा विचारला असेल, देव जाणे. एकदाही उत्तर मिळालं नाही. तो हसायचा, माझ्या डोक्यात टपली मारायचा आणि म्हणायचा, "तू माउस हलव."

बसलाच आहात, चहाही आलाय, तर ऐकाच आता. मी जो घोळ घातलाय ना, तसा आमच्या अख्ख्या पवार खानदानात कुणी घातला नसेल. आणि आमच्यात घोळ घालणारे काही कमी नाहीत!

आधी त्या माउसचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दादा, म्हणजे महेश पवार, चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये मोठ्या कंपनीत होता. सकाळी गळ्यात पट्टा अडकवून जायचा, संध्याकाळी यायचा. ही जगाला माहीत असलेली नोकरी. दुसरी होती मोहालीच्या एका कंपनीची, घरून करायची. दोन्ही एकाच वेळी! पहिलीला दुसरीचा पत्ता नाही आणि दुसरीला पहिलीचा. एखाद्याने चोरून दोन संसार थाटावेत, तसं.

पण माणूस दिवसभर आयटी पार्कात, मग मोहालीवाल्यांना तो घरी कामाला बसलाय असं वाटणार कसं?

तिथे मी!

मोहालीचा लॅपटॉप घरी उघडा असायचा. त्यात दादाचा गोल फोटो, आणि फोटोच्या कोपऱ्यात एक हिरवी टिकली. हिरवी म्हणजे माणूस जागेवर आहे. जरा वेळ माउस हलला नाही की टिकली पिवळी. पिवळी म्हणजे साहेब विचारणार, "महेश, कहां हो?" त्यामुळे टिकली हिरवी ठेवणं हे माझं काम. दादा रात्री आणि पहाटे बसून मोहालीचं खरं काम उरकायचा, आणि दिवसा कुणी काही विचारलंच तर आयटी पार्कच्या संडासात बसून फोनवर उत्तरं द्यायचा. त्याच्या ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, बिचाऱ्याचं पोट बिघडलंय.

मी सातवी नापास. जालन्याहून दादाने इकडे आणलं, जवळच पिंजौरला एका टायरवाल्याकडे लावून दिलं. मालकाशी भांडून आठवड्यात परत आलो. दादा चिडला नाही. म्हणाला, "बरं झालं. माझ्याकडेच नोकरी आहे." अशी मला माउस हलवायची नोकरी लागली.

एकदा मी डोकं चालवलं. माउसला सुतळी बांधली, सुतळीचं दुसरं टोक टेबलफॅनच्या मानेला. फॅन मान हलवतोय, माउस सरकतोय, मी पलंगावर! सगळं झकास. फक्त महिना जानेवारीचा होता. बाहेर असं धुकं, की समोरचं फाटक दिसेना. तेवढ्यात घरमालकीण आली. आम्ही त्यांना बीजी म्हणतो.

"ओए संतोष! इतनी ठंड में पंखा?"

"बीजी, जाम हो जाएगा. थोड़ा चला रहा हूं."

त्या सुतळीकडे बघत खाली गेल्या. संध्याकाळी दादाला जिन्यात गाठून म्हणाल्या, "पुत्तर, छोटे को किसी अच्छे डॉक्टर को दिखा."

दादा आठ दिवस हसत होता. आणि मी पुन्हा हाताने माउस हलवायला लागलो.

मग फेब्रुवारीतला तो रविवार. उन्हं वर आली तरी दादा उठला नाही. वहिनी उठवायला निघाल्या तर मीच म्हणालो, "झोपू द्या हो त्याला. कधी नव्हे तो झोपलाय."

असो. घ्या ना चहा, गार होतोय.

तर तेरावं झालं आणि दोन्हीकडून फोन आले, कंपनीचा लॅपटॉप परत द्या. वहिनींनी मला समोर बसवलं.

"भावजी, आयटी पार्कवाले मला ऑफिसात घ्यायचं म्हणतायत. हिशेबाच्या खात्यात. पण त्यांना दुसऱ्या नोकरीचं कळलं तर यांना चोर म्हणतील. मग मला कोण दारात उभं करणार? एवढ्याशा पोरीला, चिनूला घेऊन मी जाऊ कुठे?"

"वहिनी, तुम्ही काळजीच करू नका."

हे वाक्य मी जेव्हा जेव्हा बोललोय ना, तेव्हा तेव्हा लोकांनी काळजी करायला हवी होती.

दोन्ही लॅपटॉप काळे. एकाच कंपनीचे, जुळे भाऊ म्हणा ना. एकावर नंबराची पांढरी चिठ्ठी, दुसऱ्यावर पिवळा पक्षी, आणि दोघांवर मिळून चिनूने डकवलेली मांजरं, परी, इंद्रधनुष्य. मी ते समोर ठेवून बघत बसलो. म्हटलं, दादाला वस्तू चकाचक लागायची. बुटाला साधी धूळ चालायची नाही त्याला. त्याच्या नावाने अशी घाण परत करायची?

घेतली वहिनींची खोबरेल तेलाची बाटली, घेतला फडका, आणि बसलो घासत. मांजर गेलं. परी गेली. पक्षी उडाला. नंबराची चिठ्ठीही गेली! दोन्ही लॅपटॉप असे चमकायला लागले, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

आणि मग माझा फडका थांबला. यातला कुठला कुणाचा?

तुम्ही म्हणाल, अरे, मोहालीच्या लॅपटॉपसमोर तर तू रोज बसायचास! बसायचो ना. पण मी कायम त्याच्या तोंडाकडे बघत बसलेलो, पाठ कुठे बघितली होती?

वहिनींना विचारायची हिंमत होईना. मग दोन्ही हातांत दोन लॅपटॉप घेतले, बाजारात नारळ तोलतात तसे तोलले आणि म्हटलं, आयटी पार्कवाली कंपनी मोठी, तिचा लॅपटॉप जड असणार. जड वाटला तो पिशवीत घातला आणि निघालो.

तिकडे फाटकावर माझं नाव विचारून गळ्यात पास अडकवला. 'संतोष पवार'. वर गेलो तर दादाचे साहेब, गिल साहेब, स्वतः उठून आले. उंचेपुरे, पगडीवाले. त्यांनी मला मिठी मारली. शेजारी वर्षा मॅडम होत्या. आमच्याच, अकोल्याच्या. माणसं नोकरीला घेणं-काढणं बघतात. मराठीत म्हणाल्या, "बस रे. पाणी घेतोस?"

इतकी चांगली माणसं! मला रडूच यायला लागलं.

कॉम्प्युटर बघणारा जस्सी नावाचा पोरगा आला. लॅपटॉप उलटासुलटा करून म्हणाला, "इस पर नंबर होता है जी. नंबर कहां गया?"

"साफ कर दिया, जी. नारियल तेल से."

त्याने बोटांचा वास घेतला. "अच्छा. पासवर्ड पता है?"

आता ऐका. आयुष्यात मला एकच पासवर्ड येतो. चिनूचं नाव आणि पुढे तिचं जन्मवर्ष. म्हटलं, इथे तरी दादाचं नाव राखू! पुढे सरकलो, ऐटीत टकाटक टाइप केलं.

उघडला! मी छाती फुगवून सगळ्यांकडे बघितलं.

आणि मग मला कळलं. मला पासवर्ड येतो तो मोहालीच्या लॅपटॉपचा.

पडद्यावर हा एवढा मोठा पिवळा पक्षी. खाली मोहालीच्या कंपनीचं नाव. त्याखाली दादाचा गोल फोटो आणि 'महेश पवार'.

गिल साहेब पुढे वाकले. "ये किसका लैपटॉप है?"

माझ्या डोळ्यांपुढे वहिनी आणि चिनू आल्या. आणि तोंडातून निघालं, "मेरा है, जी."

"तेरा?"

"हां जी. मैं मोहाली में नौकरी करता हूं. इंजीनियर."

जस्सीचे डोळे चमकले. "अच्छा! किस चीज़ पे काम करते हो, भाईसाब?"

"टेबल पे."

गिल साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "पर यहां महेश लिखा है."

"मेरा नाम भी महेश है."

त्यांनी माझ्या गळ्यातला पास हळूच सरळ केला. "और ये संतोष?"

"वो घर का नाम है, जी."

"दोनों भाइयों का नाम महेश?"

"हां जी. हमारे महाराष्ट्र में ऐसा होता है. बड़े का जो नाम, वही छोटे का."

बोलून गेलो आणि लक्षात आलं, वर्षा मॅडम शेजारीच उभ्या आहेत. अकोल्याच्या! साहेब त्यांच्याकडे वळले. "वर्षा जी? ऐसा होता है?"

मी जमिनीकडे बघितलं. गेली वहिनींची नोकरी. गेलं दादाचं नाव. खोबरेल तेलात गेलं!

"होता है सर," वर्षा मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बारसे में आत्या, मतलब बुआ, तय करती है. एक बार उसने बोल दिया तो कोई कुछ नहीं कर सकता."

साहेब बराच वेळ त्या गोल फोटोकडे बघत राहिले. दादाच्या मिशीकडे, दादाच्या गालावरच्या तिळाकडे. मग माझ्या सपाट तोंडाकडे बघितलं.

"फोटो भी भाई जैसी आई है तेरी."

"भाई पे गया हूं, जी."

आणि बघा, तो डोंगराएवढा माणूस खुदकन हसला. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले. लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला, पिशवीत घातला, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

"अपना लैपटॉप संभाल के रखा कर, महेश. अब जा, भाई वाला ले आ." मग हळूच विचारलं, "मोहाली में करता क्या है तू?"

आता खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "माउस हिलाता हूं, जी."

"बढ़िया," साहेब म्हणाले. "यहां भी आधे लोग यही करते हैं."

लिफ्टपर्यंत वर्षा मॅडम सोडायला आल्या. "वहिनींना सोमवारी पाठव, कामावर. आणि हे बघ, ते तेल घरीच राहू दे."

घरी येऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो भावजी, पासवर्ड येत होता ना तुम्हाला? मग घरीच टाकून बघायचा! जो उघडेल तो मोहालीचा!"

दादा गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग तशाच रडत बसल्या.

दादाचा खरा लॅपटॉप आयटी पार्कात पोचता केला आणि दुसऱ्या दिवशी मोहालीला गेलो. आता एकच लॅपटॉप उरलेला, चुकायला जागाच नव्हती. तरी तिथल्या पोरीने पिशवी उघडून विचारलं, "चार्जर?" चार्जर मी आयटी पार्कवाल्यांना देऊन आलो होतो. दोन्ही!

तिने पासवर्ड टाकायला सांगितला. टाकला. लॅपटॉपने तिथलं नेट पकडलं. पक्षी आला, दादाचा फोटो आला आणि कोपऱ्यात टिकली उगवली. हिरवीगार. "रसीद लाती हूं," म्हणून ती आत गेली.

मी एकटा. समोर दादा, जागेवर हजर.

ती येईना. पडदा जरासा मंद झाला. आता पिवळी होणार. झाली असती तर काय बिघडणार होतं, सांगा? कोण विचारणार होतं, महेश, कहां हो?

पण माझं बोट लॅपटॉपवरच्या माउसच्या चौकोनावर गेलं. हलवलं. पुन्हा मंद व्हायला लागलं, पुन्हा हलवलं.

मुलगी पावती घेऊन आली, दारातच थांबली. "आप कर क्या रहे हो?"

"ड्यूटी," मी म्हणालो.

"हो गया जी अब. बंद कर दूं?"

"नको," मी चक्क मराठीतच म्हणालो. "मी करतो."

बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. ती मुलगीही पावती हातात धरून उभी राहिली. टिकली पिवळी झाली. मग मी झाकण मिटलं, आणि शर्टाच्या बाहीने एकदा पुसलं.