गळती कुणाची?

आमचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा बाबा कौलं चाळायला छपरावर गेले होते. शेजारची जनाकाकी खाली शिडी धरून उभी. तिने एक हात माझ्या तोंडावरून फिरवला, दुसरा शिडीवरून काढला नाही. बाबा वरूनच ओरडले, "थितं घर गळला त आधी शिडी धरनारा बघ गो, मंग चढ!" मला हसू आलं. मी, नवरा आणि बाळ मुरबाडकडचं गाव सोडून आसनगावच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चाललो होतो. तिथे कौलं कुठली आणि शिडी कुठली?

फ्लॅट गळतो हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. बाहेर कोरडं ठणठणीत आणि बाळाच्या पाळण्यावर छतातून थेंब. गावी माकडांनी कौल सरकवलं की ज्याला दिसेल तो बोट दाखवतो, आणि संध्याकाळपर्यंत काम होतं. इथे आधी गळती कुणाची ते ठरवावं लागतं. मालक म्हणाले, "वरच्या बाथरूमचं पाणी आहे. त्या फ्लॅटचा मालक नाशिकला असतो, फोन उचलत नाही. मी काय करू?" सोसायटीवाले म्हणाले, गच्ची गळली तर आमचं, हे तुमचं तुम्ही बघा. आणि वरची बाई दारच उघडेना. आत कुकरची शिट्टी व्हायची, मी बेल दाबली की गॅस बंद.

माझा स्वभाव आधीच संशयी. आईने दिलेला लाडूही मी फोडून बघायचे. माझी खात्रीच झाली की हे सगळे एकमेकांना सामील आहेत. आम्ही आपणहून निघून जावं म्हणून वरची बाई मुद्दाम बादल्या ओतते. नवरा म्हणायचा, "सोड ना, दुसरी रूम बघू." दुसरी रूम म्हणजे स्टेशनपासून लांब, शहापूरची रिक्षाही मिळायची नाही, म्हणजे माझी तिथली नोकरी गेलीच. मी का जाऊ? पण भिंतीला बुरशी चढली, बाळ खोकायला लागलं, तेव्हा मात्र मला रडू फुटायचं. घरी फोनवर "सगळं बरं आहे" सांगायचे, आणि बाबा दर वेळी शेवटी विचारायचे, "परत कदी येतंस?"

एका रविवारी मी ओली दुपटी घेऊन वरच्या दाराशी फतकल मारून बसले. "मी हलनार नाय," म्हटलं, "आज उघडा नायतर उद्या."

माझं गावाकडचं 'नाय' ऐकून असेल, दार उघडलं. माझ्याच वयाची, सापगावची सुरेखा. भेदरलेली. "वैनी, आमीबी भाड्यानंच ऱ्हातो," ती म्हणाली. "पानी खाली जाया नको म्हनून परातीत बसून अंघोळ करतो. मालक बोल्ले, खालची लोका भांडखोर हायेत, दार उघडू नका. तक्रार झाली त तुमालाच जावं लागंल."

तरी माझा विश्वास बसेना. आत जाऊन बाथरूम बघितलं. परात खरंच होती. बाहेर येताना भिंतीवर एका हार्डवेअरच्या दुकानाचं कॅलेंडर दिसलं. तेच आमच्या स्वयंपाकघरात होतं, आमच्या मालकांनी आपल्या दुकानाचं म्हणून दिलेलं.

"हे कुनी दिलं?"

"आमच्या मालकांनी. त्यांचाच दुकान ना शहापूरला."

म्हणजे नाशिकचा मालक इथे बाजारातच बसत होता, आणि दोन्ही फ्लॅट त्याचेच होते! दोघींना एकमेकींची भीती घालून तो मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. सुरेखा पायरीवरच थांबली, मी तिचा हात धरला. "दोन्ही घरं तुमचीच ना? मग गळती कुणाची?" एवढं विचारताना माझाच आवाज फाटला, तेव्हा तिने माझा हात घट्ट दाबला. सगळी गिऱ्हाइकं बघायला लागली. त्याच आठवड्यात वरची लादी उखडून पाइप बदलला.

छत आता कोरडं आहे. मी अजून रोज हात लावून बघते. करार संपला की मालक डूख धरतील, हा संशयही काही जात नाही. पण बाबांना मी पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शिडी कोनी धरली?"

"वरच्या सुरेखानं."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि फोन आईला दिला. परत कधी येतेस, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.