सरकीच्या अक्षरावरचं बोट

ढोरांसाठी भिजत घातलेल्या सरकीचा वास आला, की आजही माझ्या उजव्या हाताचं बोट नकळत पुढं होतं.

कामरगावच्या आमच्या शाळेत आंधळ्या सखूसाठी मास्तरांनी फळीवर माती थापून तिच्यात सरकीची अक्षरं बसवली होती. सखू ती बोटानं वाचायची. त्या पावसाळ्यात ती पटकीनं गेली आणि फळी कोपऱ्यात पडून राहिली.

माझ्या डोक्यात अक्षर टिकतच नव्हतं. बा म्हणाला, "दसऱ्यापर्यंत नाव लिहता नाही आलं, तर ढोरं चारायले धाडतो तुले."

शेवटी मास्तरांनी माझे डोळे बांधले आणि सखूची फळी पुढ्यात ठेवली. माझ्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर बोट चुकीकडे वळलं. तेवढ्यात कुणीतरी ते धरलं. इवलंसं, गार बोट. त्यानं मला अक्षरभर फिरवून आणलं.

"सोड ना, येते मले!"

"कोनाले बोलून राह्यला बे?" मास्तरांचा आवाज लांबून, दारातून आला.

मी पट्टी काढली. जवळ कोणी नव्हतं. फळीवरची माती केव्हाच वाळली होती. माझ्या बोटाला मात्र ओली माती लागली होती.

दसऱ्याला मी नाव लिहिलं. पुढं आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो, आणि ते मी ताठ मानेनं सांगतो. पण सही करताना पहिल्या अक्षराला बोट अजून गार पडतं. आता मी 'सोड' म्हणत नाही.