वळणापलीकडची ताई

मुलुंडच्या डोंगरातल्या पायवाटेवर मी रविवारी सकाळी पळायला जाते. माझी मोठी बहीण सोबत यायची, पण तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती चालायची. मी वरच्या मोठ्या कातळापर्यंत पळत जाऊन परत यायचे आणि वाटेत ती कुठेतरी भेटायचीच.

त्या रविवारी मात्र मी कातळावरून उतरले आणि ती भेटलीच नाही.

आधी वाटलं, दमली असेल, खाली बसली असेल. पण आम्ही नेहमी भेटतो ते वळण मागे पडलं, पुढचंही पडलं. फोन लावला तर रेंज नाही. तेवढ्यात झाडांवर वानरं खोकल्यासारखी ओरडायला लागली. बिबट्या दिसला की ती तशी ओरडतात, हे इथे पळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं.

खालून दोन मुलगे पळत येत होते. मी विचारलं, पण त्यांच्या कानात इअरफोन. शेवटी हात पसरून वाटेतच उभी राहिले.

"निळा ड्रेस घातलेल्या एक बाई दिसल्या का रे? हळूहळू चालणाऱ्या?"

एकाने कानातलं काढलं. "नाही ओ. लक्ष नव्हतं."

जिथून ते आले, त्याच वाटेवर ती असायला हवी होती. यांना दिसली नाही म्हणजे ती वाटेवर नाहीच. मी पळत सुटले. मुरमावरून पाय सटकत होते. "ताई! ए ताई!" स्वतःचा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"अगं, ओरडू नकोस! इथे आहे मी!"

आवाज वाटेच्या खालून आला. उताराला, करवंदीच्या जाळीला टेकून ताई बसली होती. हातभर काट्यांचे ओरखडे, एक पाय लांब केलेला. तिच्या बाजूला एक अनोळखी मुलगी पाय रोवून बसली होती. ताई घसरू नये म्हणून तिने तिला दोन्ही हातांनी धरलं होतं.

झालं होतं असं, की पळणाऱ्यांचा एक ग्रुप वरून जोरात उतरत आला. कोणी हाक दिली नाही, वेग कमी केला नाही. ताई चढत होती, आणि डोंगरात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते; खरं तर त्यांनी तिच्यासाठी थांबायला हवं होतं. पण तीच घाबरून कडेला सरकली आणि वाटेची कड ढासळली.

"एवढी माणसं गेली मेली," ताई रडवेल्या रागाने म्हणाली, "एकाने वळून बघितलं नाही!"

"कान बंद होते ना त्यांचे, काकू," ती मुलगी म्हणाली. ती त्याच ग्रुपमधली, सगळ्यात मागे राहिलेली. तिला दगड गडगडल्याचा आवाज आला, म्हणून ती थांबली होती. बाकीचे कधीच निघून गेले होते.

आम्ही दोघींनी ताईला वर ओढलं. उतरताना मी ताईला धरलं आणि ती मुलगी पुढे चालली. प्रत्येक वळणाआधी ती हाक द्यायची, "खाली येतोय! पेशंट आहे, जरा थांबा!" वर येणारे कडेला होत. त्यांना ती शांतपणे सांगायची, "मागे अजून दोघी आहेत हं." तिच्या त्या आवाजाने मला धीर यायचा.

हाड मोडलं नव्हतं, घोटा मुरगळला होता. मला वाटलं, आता ताई डोंगराचं नाव काढणार नाही. पण सूज उतरली आणि तीच म्हणाली, "चल गं, घरात जीव घुसमटतो."

आता मी तिला मागे ठेवून पळत नाही. तिच्या बाजूने, तिच्याच चालीने चालते, आणि तरीही वरून पावलं वाजली की आधी वाटेची कड किती लांब आहे ते बघते. ताई मात्र वाटेच्या मधोमध उभी राहते आणि हात वर करते. गेल्याच रविवारी एक जण वैतागला, "मावशी, टायमिंग जातं ना माझं!"

"जाऊ दे की," ताई म्हणाली, "आधी मला जाऊ दे."

तो भांडेल म्हणून मी तिची बाही घट्ट धरली होती. तो थांबला, पण आमच्याकडे न बघता.