होकायंत्र वहिनीला, कान्हेरी मला

खरं सांगते, मी लेणी बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते वहिनीची फजिती बघायला.

बाबा मुलुंडला दादाकडे राहतात. आयुष्यभर डोंगर पालथे घातले, आता गुडघ्यांनी संप पुकारलाय. शर्वरी वहिनीने मात्र गेले काही महिने त्यांच्याकडून नकाशा वाचायला शिकण्याचा सपाटा लावला होता. मग एके दिवशी बाबांचा फोन आला. "रविवारी कान्हेरीच्या माथ्यावर शर्वरीची परीक्षा. जमलं तर होकायंत्र तिचं. माझा हा शेवटचा चढ."

लहानपणी मी होकायंत्राच्या त्या पितळी डबीला नुसता हात लावला तरी "पडेल गं!" म्हणून ती काढून घेतली जायची. आणि आता थेट सुनेला! मी लगेच म्हटलं, मीपण येते.

अंधेरीहून मेट्रो सोयीची. राष्ट्रीय उद्यान स्टेशनला उतरलं की गेट चालत गाठता येतं. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आतून लेण्यांपर्यंत बस मिळते. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. काकडी घेतलीत तर भरभर संपवा, माझी अर्धी माकडाने पळवली. वहिनीची नाही पळवली, अर्थात.

कातळातल्या पायऱ्या चढताना मी बाबांना हात पुढे केला. "तू हो पुढे," ते म्हणाले आणि वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून चढू लागले. मी पुढे झाले. लेण्यांसमोरून गेले, पण लक्ष सगळं मागे.

माथ्यावर वारा होता. वहिनीने नकाशा उलगडला. त्याला मागून मांजरपाटाचं कापड चिकटवलंय. तो जुन्याच घड्यांवर मिटायचा आणि घामट हातांनी धरायचा नाही, हे तिने मला सांगितलं. माझ्या बापाचा नकाशा, मलाच!

परीक्षा साधी होती. समोरच्या दोन ओळखीच्या खुणांची दिशा होकायंत्राने घ्यायची आणि नकाशावर त्या खुणांपासून उलट रेघा ओढायच्या. रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे आपण. तिने तुळशी तलावाचा बांध आणि पलीकडचं एक टेकाड निवडलं. तिची चूक हुकू नये म्हणून मी अगदी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

रेघा छेदल्या त्या तलावाच्या मधोमध.

"वहिनी, पोहता येतं ना गं तुला? आपण बुडतोय," मी म्हटलं. इतकी खूश मी वर्षभरात झाले नव्हते.

बाबा हसले नाहीत. "परत घे."

मी आणखी जवळ सरकले. या वेळी आम्ही तलावाच्याही पलीकडे पोचलो. वहिनीचा चेहरा पडला. बाबांनी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मनू, तू जरा लांब हो."

डोळ्यांत पाणीच आलं. "मीच का लांब होऊ, बाबा? प्रत्येक वेळी मीच?"

"अगं, तुझा मोबाईल! कव्हरला चुंबक आहे ना त्या? सुई तुझ्याकडे ओढली जातेय."

मोबाईल माझ्या गळ्यात लटकत होता. मी गुपचूप कडेच्या खडकापाशी जाऊन उभी राहिले. तिथून दिसलं, वहिनीने पुन्हा दिशा घेतल्या, रेघा ओढल्या आणि ओरडली, "जमलं, बाबा!" त्यांनी डबी तिच्या तळहातावर ठेवली.

"मनू, ये, तूही घेऊन बघ. मोबाईल ठेव तिथेच," वहिनीने हाक मारली.

"आणि माकडांना देऊ?" मी म्हटलं, आणि गेले नाही.

उतरल्यावर बोरिवलीत मिसळ खाल्ली. झकास होती, पण मी तसं म्हटलं नाही.

घरी आल्यावर आधी मोबाईलचं कव्हर बदललं. पुढच्या आठवड्यात मुलुंडला गेले, तर डबी टीव्ही आणि स्पीकरपासून दूर, पुस्तकांच्या कपाटात एकटी ठेवलेली. त्यातही खोट काढायला जागा नव्हती. मोबाईल दारातच ठेवून आले होते. डबी उघडून तळहातावर धरली. सुई थरथरली आणि शांत झाली.

"पडेल गं!" खुर्चीतून बाबा ओरडले.

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "मला कधी असं ओरडत नाहीत, बघ." आवाज हसरा होता, पण तो सूर मी ओळखला. आठवडाभर माझाच होता तो.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी डबी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "दाखव गं, त्या रेघा कशा ओढायच्या."