नाकाला पदर

घाणेरडं काम दिसलं की वनमालाताई नाकाला पदर लावायच्या. जुन्या जालन्यात कापडाच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही वेबसाइटी बनवायचो आणि ताई त्या तपासायच्या. त्याआधी त्या वाटूरच्या शाळेत गणित शिकवत. माझ्या स्क्रीनसमोर त्यांचा पदर वर गेला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कुठलंही पान आलं की त्या आधी ब्राउझरची भाषा बदलायच्या आणि आकड्यांकडे बघत बसायच्या. आपण साडेचार लिहिताना चार आणि पाचच्या मध्ये टिंब देतो. युरोपातल्या कित्येक भाषांत तिथं स्वल्पविराम देतात. ब्राउझरला नुसतं 'आकडा मांड' म्हटलं, तर तो स्वतःच्या सेटिंगप्रमाणे मांडून मोकळा होतो.

"तू काय मागितलंस ते नको सांगू," ताई म्हणायच्या, "त्यानं काय दिलं ते काढून दाखव."

कोणती भाषा आणि कोणतं चिन्ह खरोखर लागू झालंय, हे ब्राउझरला विचारता येतं. दोन ओळींचं काम. मला त्याचाही कंटाळा.

"ताई, जालन्यात युरोपातलं मशीन कोण वापरणार?"

"येईल की एखांदं. मंग काय करशील?"

आलंच. मेंढ्यांच्या जंताच्या औषधाचा डोस सांगणारं पान आम्ही बनवलं आणि ताईंनी तपासायच्या आधीच ऑफिसच्या मालकांनी मेंढपाळांना वाटायला परदेशातले वापरलेले टॅबलेट घाऊक उचलून आणले. त्यांची भाषा कुणी बदललीच नाही. घनसावंगीकडच्या बिरूमामांनी कोकराचं वजन साडेचार किलो टाकलं. पानानं ते ४,५ असं मांडलं. माझ्या कोडनं तो स्वल्पविराम आपल्या हजार-लाखातला समजून पुसून टाकला. झाले पंचेचाळीस किलो, आणि औषध दहापट.

मामांना शंका आली होती. त्यांनी मला फोन केला. "पाव्हणं, डोस लई दिसून राह्यलाय. बराबर हाये का?"

मी जेवत होतो. "मशीन चुकत नसतं, मामा," म्हणालो आणि फोन ठेवला. ते वाक्य आठवलं की आजही मला माझी किळस येते.

मामांनी तोच डोस सगळ्या कोकरांना पाजला. अकरा कोकरं मेली. मामा टॅबलेट घेऊन ऑफिसात आले, तोवर मालकांनी कागद तयार ठेवला होता: पान तपासलेलं आहे, आकडा वाचण्यात मेंढपाळाची चूक झाली. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा.

ताईंनी मामांच्या हातातून टॅबलेट घेतला, त्या दोन ओळी चालवल्या आणि मालकांपुढे धरला. "मशीन सोताच सांगून राह्यलं, टिंबाच्या जागी स्वल्पविराम हाये म्हणून. मामानं बराबर वाचलं होतं. माझी सही भेटणार न्हाई. बिलकुल न्हाई."

मालकांनी कागद माझ्याकडे सरकवला. मामा माझ्याकडे बघत होते. फोनवर काय बोलणं झालं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी सही केली.

ताईंनी डबा पिशवीत टाकला. कायमच्या निघाल्या होत्या. माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबल्या. माझी स्क्रीन बंद होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नाकाला पदर लावला.