तिखट कान

वर्कशॉपात तिला सगळे तिखटबाई म्हणत. बोलण्यात ती अजिबात तिखट नव्हती. उलट कुणी आवाज चढवला की हिचेच हातपाय गार पडायचे. तिखट होते ते तिचे कान. सव्वीस वर्षांपूर्वी ती तिथे लागली ती कोठीत, व्हॉल्व्हना पत्र्याचे बिल्ले बांधायच्या कामावर. एकदा बिल्ल्यांची पेटी घेऊन टेस्टिंगच्या शेडमधून जाताना ती दारातच थबकली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "तो गळतोय वाटतं." बेंचवरच्या म्हाताऱ्या उस्तादांनी तो व्हॉल्व्ह नुकताच पास केला होता. त्यांनी पुन्हा कान दिला, बराच वेळ दिला, आणि दोन दिवसांनी हिला कोठीतून उचलून आपल्या हाताखाली घेतलं.

शेडमध्ये यायचे ते अणुवीज केंद्रांचे सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफेचा दाब हद्दीबाहेर गेला की यांनी आपणहून उघडायचं, जास्तीची वाफ सोडायची आणि दाब उतरला की पुन्हा घट्ट मिटायचं. वर्षानुवर्षं नुसतं बसून राहायचं, पण हाक येईल त्या क्षणी चुकायचं नाही. म्हणून एकेक व्हॉल्व्ह बेंचवर चढवून खालून वाफ द्यायची, काटा ठरलेल्या आकड्यावर आला की व्हॉल्व्ह तोफ डागल्यासारखा उडायचा, म्हणजे धाडकन उघडायचा. त्या आवाजाने तिच्या पोटात पहिल्या दिवशी गोळा आला होता आणि सव्वीस वर्षांत तो एकदाही चुकला नाही. "भीती वाटते ना?" उस्ताद विचारायचे. "वाटू दे. वाटेनाशी झाली की सांग, तुला परत कोठीत धाडतो."

पण खरी परीक्षा त्यानंतरची. व्हॉल्व्ह मिटला की दाब थोडा खाली आणून धरून ठेवायचा आणि पुरतं एक मिनिट बघायचं, ऐकायचं. व्हॉल्व्हच्या तोंडामागे काळं फडकं धरायचं, म्हणजे वाफेची बारीक रेघ असली तर दिसते. पण कोरड्या वाफेची रेघ दिसतेच असं नाही. तिथे कानच लागतो. त्या मिनिटापुरते पंखे बंद, हातोड्या बंद, सगळी शेड चिडीचूप. तिखटबाई कानावरची टोपणं काढून मान तिरकी करून उभी राहायची. बारीकशी गळतीही वाईट. झाकण जिथे टेकतं ती आतली बैठक वाफ कातरत जाते, आज केसाएवढी फट उद्या नखाएवढी होते, आणि मग तो व्हॉल्व्ह ऐन वेळी कसा वागेल ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मिनिट संपलं की ती अंगठा वर करायची किंवा नुसती मान हलवायची. उस्ताद गेल्यावर या मानेवर अपील नव्हतं.

घरी नवरा आणि कॉलेजात जाणारी लेक. नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर, सुट्टी रविवारची. त्या रविवारी सकाळी ती ओट्याशी उभी राहून भाजी निवडत होती. नवरा अंघोळ करून आला आणि दारातच ओरडला, "अगं, गॅस सुटलाय! चालू ठेवून काय बसलीयेस?"

तो पुढे झेपावला, बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली. शेगडी तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती.

"सर्दी झालीये," ती म्हणाली. "वास नाही आला."

"वास राहू दे. केवढ्यानं फुसफुसत होता! मला बाहेरून ऐकू आला."

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. नवरा पुढे बोलत राहिला, आणि ते तिला नीट ऐकू येत होतं, अगदी शब्द न् शब्द. म्हणजे कान बरे आहेत, तिने मनाची समजूत घातली. दुपारी लेकीला सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या त्या फोनवर कान तपासता येतात म्हणे?"

लेकीला गंमत वाटली. तिने आईला खुर्चीत बसवलं, मागे उभी राहिली आणि सूर लावायला लागली. पहिला भोंग्यासारखा, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. आई प्रत्येक वेळी हात वर करत होती. मग काहीच झालं नाही.

"लाव ना पुढचा," आई म्हणाली.

लेकीने फोनकडे पाहिलं, मग आईकडे.

"अगं, लाव की."

"आई," लेक हळूच म्हणाली, "मघापासून वाजतोय."

तिने वळून पाहिलं. लेकीने दुसऱ्या हाताने आपलाच एक कान झाकून घेतला होता, इतका तो आवाज टोचत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तिखटबाईने आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती. वर्कशॉपात दरसाल कान तपासायचे. नर्स काचेच्या पलीकडे बसून बटण दाबायची, आपण हात वर करायचा. दोन वर्षांपूर्वी मध्येच बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तेव्हा तिची गाळण उडाली. नर्सच्या मागच्या कपाटाला काचेचं दार होतं आणि त्यात नर्सचं बोट दिसायचं. बोट हललं की हिने हात वर केला. त्या वर्षी केला, पुढच्या वर्षीही केला. मशीन जुनं झालंय, आपण दमलोय, असं स्वतःला सांगत तिने त्या गोष्टीकडे चक्क कानाडोळा केला होता. आता खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या तोंडचं पाणी पळालं ते कानांसाठी नव्हे. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या सहीने नऊ व्हॉल्व्ह एका अणुवीज केंद्राकडे रवाना झाले होते.

सोमवारी ती कामावर गेली. पैलवान म्हणून एक आडदांड फिटर तिच्याबरोबर बेंचवर असे. त्याने व्हॉल्व्ह चढवला, उडवला, दाब उतरवून धरला. पंखे बंद झाले. तिने मान तिरकी केली. शांत. अगदी स्वच्छ शांत. गेल्या कित्येक महिन्यांत सगळे व्हॉल्व्ह असेच शांत होते हे तिला तेव्हा आठवलं. एवढे चांगले व्हॉल्व्ह ओळीने कधी येतात का? पूर्वी दहात एखाद्याला तरी मान हलवून परत धाडावं लागायचंच.

पैलवान तिच्या अंगठ्याची वाट बघत होता.

"तू ऐक," ती म्हणाली.

"मी? बाई, मला माझ्या घोरण्याचाही पत्ता लागत नाही."

"शिकून घे. मी काय जन्माला पुरणारे?"

पैलवानाने हसत हसत वाकून कान दिला आणि त्याचं हसू मावळलं. "बाई, हा बोलतोय की."

तिने मान हलवली, जणू तिलाही ते ऐकू आलं होतं.

चार दिवस तिने असेच काढले. पैलवानाच्या कानाने तिने सहा व्हॉल्व्ह तपासले, सहीही केली. समोरचं काम निभत होतं, पण गेलेल्या नवांचं काय? जेवणाच्या सुट्टीत ती साहेबांच्या दारापर्यंत जायची आणि कागद विसरल्यासारखं करून मागे फिरायची. साहेब कधी ओरडत नसत. कडक इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. सगळे त्यांना पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणत. ओरडणाऱ्याची भीती एकदाची संपते तरी, या माणसाची संपत नसे. नोकरी जाईल. चौकशी बसेल. लोक म्हणतील, हिने आंधळेपणाने सह्या ठोकल्या. आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त भीती. शुक्रवारी पैलवान सहज बोलून गेला, त्या केंद्राची दुरुस्ती आटोपत आलीये, आठवड्याभरात केंद्र पुन्हा चालू करून वाफ धरतील. डबा तसाच बंद करून ती उठली आणि या खेपेला दारावर टकटक करूनच थांबली, म्हणजे पळून जायची सोय राहू नये.

"या," साहेब म्हणाले. "बसा."

ती बसली नाही. "साहेब, ते नऊ व्हॉल्व्ह परत मागवा."

"का?"

"मला बारीक आवाज ऐकू येत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा कान तपासणीचा रिपोर्ट उत्तम आहे. माझ्याकडे आहे."

"तो खोटाय," ती म्हणाली आणि कपाटाच्या काचेची, नर्सच्या बोटाची सगळी हकीकत तिने एका दमात ओकून टाकली.

साहेबांनी तारीखवही पुढे ओढली. "कधीपासून ऐकू येत नाही?"

"तेच तर माहीत नाही, साहेब."

तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत भयंकर उत्तर ते होतं. कारण मग प्रश्न नऊ व्हॉल्व्हचा राहिला नाही. साहेबांनाही ते उमगलं. शर्टाच्या कॉलरशी त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी केंद्राला फोन लावला. ती जायला वळली तसे म्हणाले, "थांबा. ते विचारतील ते तुम्हीच सांगा."

नऊ व्हॉल्व्ह चौथ्या दिवशी लाकडी पेट्यांतून परत आले. सोबत केंद्राची इंजिनिअर बाई आली, वयाने लेकीपेक्षा फार मोठी नसेल. तिच्याजवळ गळतीचा आवाज पकडणारं एक यंत्र होतं. तिखटबाईला बेंचपासून दूर, पिवळ्या रेघेबाहेर उभं केलं. आता तिच्या अंगठ्याला कुणी विचारणार नव्हतं. एकेक व्हॉल्व्ह उडत होता, मिटत होता. सगळी शेड श्वास रोखून होती आणि ती फक्त पैलवानाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, कारण ऐकायचं दुसरं साधन तिच्याकडे नव्हतं. पहिला बरा. दुसरा, तिसरा, चौथा बरा. पाचव्यालाही यंत्राचा काटा जागचा हलला नाही. तिला वाटलं, सुटलो.

सहाव्याला पैलवानाने डोळे मिटून घेतले.

इंजिनिअर बाईने यंत्र पुन्हा लावलं, आकडा लिहून घेतला. पुढचे तीनही बरे निघाले. सहावा उघडला तेव्हा बैठकीवर एक ओरखडा होता, नखाने चाचपला तर जेमतेम लागेल असा.

तिखटबाई हिय्या करून इंजिनिअर बाईजवळ गेली. "हा तिथे बसला असता तर?"

"वाफ धरल्यावर आमच्याही तपासण्या असतात," ती म्हणाली. "तिथे सापडला असता." मग पेटीचं झाकण लावता लावता तिने भर घातली, "बहुतेक."

त्या एका शब्दाने तिखटबाईला पुढे कित्येक दिवस पछाडलं. दोन वर्षांतले तिच्या सहीचे एकूण एक व्हॉल्व्ह शोधून काढायचं ठरलं. कुठला कुठे बसवलाय याची यादी रोज भिंतीवर लागायची आणि तपासून झालेल्यावर रेघ पडायची. ती रोज सकाळी आधी त्या यादीपाशी जायची. पाय जड व्हायचे, पण गेल्याशिवाय राहवायचं नाही. आणखी दोन गळके सापडले. दोन्ही वेळेवर बदलले. यादी संपायला चार महिने लागले आणि तोवर तिचं वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

नोकरी गेली नाही. चौकशीत तिला ताकीद मिळाली, बेंच कायमचा सुटला. काटे आणि मापं तपासायच्या खोलीत तिची बदली झाली. बेंचवर यंत्र आलं, शिवाय दोन माणसांनीही ऐकून दोघांनी सही करायची असा नियम झाला. काही जण तिच्याशी बोलेनासे झाले. त्यांच्या सह्यांचेही कागद तिच्यापायी उकरले गेले होते. पैलवान मात्र यायचा. "बाई, हल्ली मला माझं घोरणं ऐकू येतं," म्हणायचा, आणि ती हसायची, पण पोटातून नाही.

नवऱ्याने या सगळ्या काळात एकही प्रश्न केला नव्हता. चौकशीच्या दिवशी बस दुसऱ्याला देऊन तिला सोडायला तो फाटकापर्यंत आला होता, तेवढंच. यादीवर शेवटची रेघ पडल्यानंतरच्या आठवड्यात तो एका संध्याकाळी उशिरा घरी आला आणि टेबलावर एक डबी ठेवून हात धुवायला गेला. तिने डबी उघडली. आत चष्मा होता, जाड भिंगांचा.

"हे काय?"

"लांबचं दिसत नव्हतं नीट," तो पाठमोराच म्हणाला. "सिग्नल दिसायचे. पण पाट्या नाही. आणि माणसं... जवळ आली की दिसायची."

"कधीपासून?"

नळ चालूच होता. तिला वाटलं, पाण्याच्या आवाजात त्याचं उत्तर आपल्याला ऐकू आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की तो काही बोललाच नव्हता.

तिने मनातल्या मनात एका खेपेची माणसं मोजली, मग दिवसाच्या खेपा, आणि मध्येच सोडून दिलं. चष्मा डबीतून काढून तिने पदराने पुसला. त्याची भिंगं नवीन होती, पुसायची काही गरज नव्हती. पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"उद्या ऑफिसात सांग," ती म्हणाली.

"सांगू?"

"मी येते बरोबर. दारावर टकटक मी करीन."