हरी पाटलाचं हुतूतू

हरी पाटील परीक्षेला बसला की त्याच्या बाकावरून बारीक आवाज येई, 'तूतूतूतू...' पर्यवेक्षक कान टवकारून दोनदा त्याच्यापाशी येऊन गेले. हरीची मान पेपरात, ओठ जेमतेम हलणारे. कुठे तरी भुंगा अडकला असेल अशी समजूत करून घेऊन ते परत गेले. मी मागच्याच बाकावर बसत असे, म्हणून मला ठाऊक. जिमखान्याच्या सरांच्या खोलीवरून जातानाही त्याचं हे चालू असे. पोरं म्हणत, "बघा, चालता चालता दमाचा सराव करतो! वाघ आहे वाघ."

वाघाचं गाव ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीकाठी. घरचे सगळे मिठागरावर राबणारे. गावातून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. मी कल्याणचा, कारकुनाचा मुलगा. घाबरटपणात आमच्या अख्ख्या आळीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. मुंबईच्या कॉलेजात आमच्या बाजूचे आम्ही दोघेच, म्हणून जोडी जमली.

हरी हुतूतूही खेळे आणि पोहतही असे, दोन्हींत कॉलेजात पहिला. सरांनी त्याला नादारी मिळवून दिली होती, ती या दोन खेळांवर. "एक जरी सुटला, तर फी भरायची नाही तर घरची वाट धरायची," असं ते हसत हसत म्हणत. ते हसले की हरीची तूतू सुरू होई. हुतूतूचा कप्तान म्हणे, पाण्यात भिजून तुझ्या मांड्या ढिल्या पडल्या. पोहणाऱ्यांचा कप्तान म्हणे, पकडी करून तुझे खांदे आखडले. हरी दोघांनाही 'होय' म्हणे. एकदा ऐन चढाईत त्याने पोहताना वळवतात तशी मान वळवली आणि चक्क श्वास घेतला. पंचांनी त्याला बाद केलं. सगळे पोट धरून हसले, पण हरीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "जोश्या, मना लय भ्याव वाटतं रे."

"तुला? अरे, भिणं हे माझं खातं!"

"भ्याव शिरतं ते तोंडानं. तोंड चालू ठेवलं का त्याला वाट गावत नाय. म्हणून तर मी हुतूतू घालतो. कोनाला सांगू नको हां."

मी कोणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्याची तूतू ऐकली की मीच घाबरून इकडेतिकडे बघू लागे.

पुढे मोहन्याहून कल्याणच्या बंदरापर्यंत खाडीतून पोहण्याची शर्यत ठरली. प्रत्येकासोबत एक होडी, होडीत एक सोबती. पोहणाऱ्याने होडीला हात लावला किंवा सोबत्याने त्याला हात लावला, की तो बाद. हरीचा सोबती मी. आदल्याच दिवशी ठाण्याला हुतूतूचा सामना होता आणि त्यात चौघांनी हरीला खाली दाबलं होतं. सकाळी सदरा काढताना तो कळवळला. उजवी बरगडी काळीनिळी झालेली.

"सरांना सांगू या," मी म्हणालो.

"सांगितलं तर पोहनं सुटलं. मंग कॉलेज बी सुटलं." मग हळूच म्हणाला, "ऐक. माझी तूतू ऐकाला येते तवर हात लावाचा नाय. थांबली, तर लाव."

शर्यत ओहोटीवर सुटायची होती, म्हणजे पाणीच माणसाला बंदराकडे घेऊन जातं. पण पाहुणे आल्याशिवाय नारळ फुटेना, आणि पाहुणे आले ते भरपूर उशिरा. त्यांनी खेळाडूंच्या शिस्तीवर भाषणही केलं. हरी पाण्याकडे बघत होता. "ओहोटी सरली," एवढंच बोलला.

अर्ध्या वाटेवर भरती समोरून आली. हरी हात मारी आणि होता तिथेच राही. तोंड वर आलं की 'तू' ऐकू येई. पुन्हा हात, पुन्हा 'तू'. मी होडीच्या कडेला ओणवा होऊन नुसतं ते ऐकत होतो. नावाड्याने काही विचारलं, तर मी त्याच्यावर खेकसलो, कारण त्याच्या आवाजात हरीचा आवाज बुडत होता. बंदर दिसू लागलं. काठावर त्याचं अख्खं गाव जमलेलं, ढोल वाजत होते. आता मला तूतू आणि ढोल वेगळे ओळखू येईनात. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. तोंड वर आलं. 'तू.' पुन्हा वर आलं.

काही नाही.

मी हात खाली नेला. माझा हात पाण्याला टेकायच्या आत त्याचा हात वर आला आणि त्याने माझं मनगट असं धरलं, की पुढे कितीतरी दिवस वळ होते.

काठावर एकच गिल्ला झाला. "बंदर आलं व्हतं! या भटाच्या पोरानं घात केला! सोता भ्याला आन् आमच्या पोराला बुरवला!" एक म्हातारी माझ्या अंगावर धावून आली. हरी घोंगडीत गुंडाळून बसला होता, एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. त्यानंतर मी ठाकुर्लीच्या बाजूला फिरकलो नाही. मला खरंच मार बसेल असं वाटे.

होळीला त्याचा निरोप आला, गावात ये. मी भीतभीतच गेलो. होळीभोवती सारं गाव जमलेलं. हरी मला हाताला धरून मधोमध घेऊन गेला. त्याची तूतू मला ऐकू येत होती. मग ती त्याने थांबवली.

"जोश्यानं काय नाय केलं," तो मोठ्यांदा म्हणाला. "दम होता माझा. मीच थांबलू. मी भ्यालू. तुमचे समोर होडीला हात लावाची लाज वाटली, म्हणून थांबलू, का ह्यानं लावावा."

त्याचा बाप उठून घरात निघून गेला. गाव त्याला वाघ म्हणायचं, ते त्या दिवशी संपलं. नादारीही गेली. हरी मोहन्याच्या कारखान्यात लागला. त्याने पोहणं सोडलं, हुतूतू मात्र गावच्या संघातून खेळत राहिला. मी विचारलं होतं, "कशाला सांगितलंस रे?" तर म्हणाला, "तुझं मनगट बघितलं." त्याच्याइतका धीराचा माणूस मी पाहिला नाही. तो स्वतःला शेवटपर्यंत भित्राच समजत होता.

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो. बोलणं बंद झालेलं, पण ओठ हलत होते. मी कान नेला. 'तू... तू...' घरातल्या माणसांना वाटलं, तो कोणाला तरी हाक मारतोय. मी पुन्हा त्या होडीच्या कडेला ओणवा झालो होतो, तसाच घामाघूम.

मग ते थांबलं. मी लगेच हात लावला. या खेपेस त्याचा हात वर आला नाही.